गिरनार पहिल्यांदा चढणाऱ्यांसाठी : दहा हजार पायऱ्यांचा खरा हिशेब

गिरनारला जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘दहा हजार पायऱ्या झेपतील का?’ गुजरातेत जुनागढजवळ पायथ्याच्या भवनाथ तळेटीपासून दत्तपादुका असलेल्या दत्तशिखरापर्यंत ९,९९९ पायऱ्या असं परंपरेने सांगतात आणि बहुतेक जण तयारी त्याच आकड्यावर करतात. पण हा आकडा वाटेचा स्वभाव सांगत नाही. पहिल्या सुमारे ५,००० पायऱ्या जवळजवळ सलग चढाच्या आहेत. पुढच्या पाच हजारांत आधी चढ, मग मोठा उतार, मग पुन्हा खडा चढ. जाताना जो उतार सुखाचा वाटतो तोच येताना चढून यावा लागतो, तोही पाय थकलेले असताना आणि ऊन वर आलेलं असताना. गिरनारवर जे अडकतात ते बहुधा परतीच्या या टप्प्यावर.

दुसरा गैरसमज रोपवेचा. ऑक्टोबर २०२० मध्ये रोपवे सुरू झाला तेव्हापासून ‘आता काय, वर जाऊन दर्शन घेऊन यायचं’ असं ऐकू येतं. रोपवे अर्ध्या वाटेवरच्या अंबाजी मंदिरापर्यंतच जातो. दत्तशिखर तिथून पुढे तितकंच लांब आहे.

म्हणून सगळं नियोजन पायऱ्यांच्या आकड्यावर न करता टप्प्यांवर आणि घड्याळावर करा.

१. वाट आधी डोक्यात बसवा

टप्पे क्रमाने असे येतात. पायऱ्यांचे आकडे ढोबळ समजा. वाटेत पायऱ्यांवर रंगवलेले आकडे दिसतात, त्यांचा उपयोग अंदाजापुरता.

भवनाथ तळेटी : जुनागढ शहरापासून पाचेक किलोमीटर. भवनाथ महादेवाचं मंदिर, धर्मशाळा, काठ्यांची दुकानं, डोलीवाले आणि रोपवेचं खालचं स्थानक, सगळं इथेच.

माळी परब : सुमारे २,२०० पायऱ्या. परब म्हणजे पाणपोई. दरवर्षी होणाऱ्या गिरनार आरोहण-अवरोहण स्पर्धेत महिला स्पर्धक इथूनच परत फिरतात. इथवर येताना धाप, चक्कर किंवा गुडघेदुखी जाणवली असेल तर पुढचा निर्णय इथे बसून घ्या. इथून परतणं सोपं आहे.

जैन देरासरं, म्हणजे जैन मंदिरं : ३,८०० ते ४,००० च्या दरम्यान. बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांचं मुख्य मंदिर बाराव्या शतकातलं आहे. शेजारचं वस्तुपालांचं मंदिर तेराव्या शतकातलं. गौमुखी गंगा इथून थोडी वर.

अंबाजी : सुमारे ५,०००. रोपवेचं वरचं स्थानक इथेच. अनेक जण दर्शन घेऊन इथूनच परततात आणि त्यात कमीपणा काही नाही.

गोरक्षनाथ शिखर : अंबाजीनंतर थोडा उतार आणि मग चढ. सुमारे १,१०० मीटर उंचीचं हे गुजरातमधलं सर्वांत उंच शिखर. दत्तशिखर याहून कमी उंचीचं आहे, हे बऱ्याच जणांना तिथे पोहोचल्यावरच कळतं.

कमानींचा फाटा : गोरक्षनाथाच्या पलीकडे लांबलचक उतार उतरल्यावर वाट दुभंगते. एक वाट दत्तशिखराच्या खड्या पायऱ्यांना लागते, दुसरी खाली कमंडलू कुंडाकडे, म्हणजे धुनीच्या आणि प्रसादाच्या जागेकडे उतरते.

दत्तशिखर : समोर सुळक्यासारखं उभं. शेवटच्या पायऱ्या अरुंद आणि तीव्र चढाच्या.

आज दिसणारी दगडी वाट एका काळातली नाही. बाराव्या शतकात, राजा कुमारपालाच्या कारकिर्दीत, इथे पायऱ्या बांधल्या गेल्या. सध्याच्या पायऱ्यांसाठी जुनागढ संस्थानात १८८९ साली चक्क लॉटरी काढून पैसा उभा केला गेला आणि काम १९०८ साली पुरं झालं. त्यानंतरही डागडुजी होत राहिली. त्यामुळे पायऱ्यांची उंची एकसारखी नाही. एक चार बोटांची असते तर पुढची वीतभर. पाऊल ‘सवयीने’ टाकलं की ठेच लागते, आणि अंधारात तर हमखास.

२. दिवस निवडा, आणि काही दिवस टाळा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सरळ उत्तम काळ. मार्चपासून ऊन तापू लागतं. एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर मध्यरात्री चढून सकाळी लवकर खाली यायचं, नाहीतर जाऊच नये. दगड तापल्यावर देवळाबाहेर चार पावलं अनवाणी टाकणंही जड जातं.

पावसाळ्यात डोंगर हिरवागार दिसतो, पण पायऱ्या शेवाळतात, ढग उतरले की दहा पायऱ्यांपलीकडचं दिसत नाही, आणि मुसळधार पावसात पायऱ्यांवरूनच लोंढे वाहतात. वाऱ्यात रोपवे बंद ठेवतात. इथला पाऊस किती जोराचा असू शकतो याची नोंद पायथ्याशीच कोरलेली आहे. इ.स. १५० च्या सुमाराच्या रुद्रदामन या क्षत्रप राजाच्या शिलालेखात डोंगरावरच्या तुफानाने नद्यांना पूर येऊन इथल्या प्राचीन सुदर्शन तलावाचा बांध फुटल्याचं लिहिलं आहे. तिथी दिली आहे मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा, म्हणजे दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवसाची. तेव्हा हिवाळ्यातही पिशवीत हलका रेनकोट असू द्या.

गर्दीचं गणित वेगळं. दर पौर्णिमेला महाराष्ट्रातून मोठ्या संख्येने दत्तभक्त येतात, आणि दत्तजयंतीला तर विचारू नका. शेवटच्या अरुंद पायऱ्यांवर चढणाऱ्यांची आणि उतरणाऱ्यांची एकच वाट असते. रांग थांबली की उभं राहण्याशिवाय इलाज नाही. पौर्णिमेचा नेम नसेल तर मधला साधा वार घ्या.

कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा लीली परिक्रमा असते. डोंगराभोवतीची सुमारे ३६ किलोमीटरची ही वाट जंगलातून जाते आणि तेवढ्याच दिवसांत खुली असते. लाखो लोक येतात. परिक्रमा करायची असेल तर ती स्वतंत्र यात्रा समजा. ‘आलोच आहोत तर दोन्ही करू’ हा बेत पहिल्या खेपेला नको. महाशिवरात्रीच्या भवनाथ मेळ्यातही खोली मिळणं कठीण.

३. तिथे पोहोचणं आणि खोली

जुनागढ जंक्शन राजकोट–वेरावळ मार्गावर आहे. मुंबईहून वांद्रे टर्मिनसवरून वेरावळकडे जाणारी सौराष्ट्र जनता एक्स्प्रेस सोयीची. पुण्याहून वेरावळला आठवड्यातून एकदा थेट गाडी आहे. इतर वेळी राजकोटपर्यंत रेल्वेने किंवा विमानाने येऊन पुढे एसटी किंवा गाडीने सुमारे १०० किलोमीटर. राजकोटचा नवा विमानतळ शहराबाहेर हिरासरला आहे, तो वेळ धरून चाला.

खोली शहरात न घेता भवनाथ तळेटीत घ्या. मध्यरात्री निघायचं असेल तर रिक्षा शोधत बसावं लागत नाही, आणि परतल्यावर आडवं व्हायला शंभर पावलांपेक्षा जास्त चालावं लागू नये हीच तेव्हा इच्छा असते. खोली घेताना दोन गोष्टी आवर्जून विचारा : तळमजला आहे का, आणि कमोड आहे का. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे वाकत नाहीत तेव्हा या दोन प्रश्नांचं मोल कळतं. धर्मशाळेत प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र लागू शकतं, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

परतीचं तिकीट चढाईच्याच रात्रीचं काढू नका. काढावंच लागलं तर खालचा बर्थ. वरच्या बर्थवर चढणं ही त्या दिवशीची दहा हजार एकावी पायरी ठरते.

४. पायी, रोपवे की डोली

गुडघे धड असतील आणि दम बरा असेल तर सर्वांत चांगला पर्याय म्हणजे पायी चढा, दत्तदर्शन करून अंबाजीपर्यंत परत या आणि तिथून रोपवेने उतरा. चढताना कस लागतो तो फुप्फुसांचा, आणि थांबलं की तो दम परत मिळतो. उतरताना भार येतो गुडघ्यांवर आणि मांड्यांच्या पुढच्या स्नायूंवर, तो विश्रांतीने लगेच भरून निघत नाही. लोक नेमकं उलट करतात : रोपवेने वर जातात आणि ‘उतरणं तर सोपं’ म्हणून पायी खाली येतात.

दोन्ही वेळा रोपवे घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं :

- अंबाजी ते दत्तशिखर जाऊन-येऊन ४ ते ५ तास धरा, कमंडलू कुंडावर जेवणार असाल तर आणखी तासभर.
- सकाळच्या पहिल्या पाळण्यांत बसा. दुपारी वर गेलात तर शेवटचा पाळणा चुकतो. शेवटची वेळ तिकीट घेतानाच विचारून घ्या, ती ऋतूप्रमाणे बदलते.
- वारा वाढला की पाळणे थांबतात. परतीचं तिकीट खिशात असलं तरी ५,००० पायऱ्या उतरायची तयारी हवी. म्हणजे टॉर्च, काठी आणि पाणी रोपवेवाल्यांनाही लागतंच.
- जैन देरासरं अंबाजीच्या हजारेक पायऱ्या खाली आहेत. रोपवेने ती वरून दिसतात, पण पाहायची असतील तर पायीच यावं लागतं.

डोलीचा दर माणसाच्या वजनावर ठरतो, तळेटीत वजन करूनच भाव सांगतात. बोलणी करताना चार गोष्टी साक्षीने पक्क्या करा : कुठपर्यंत, जाऊन-येऊन की एकेरी, वर किती वेळ थांबणार, आणि वाटेतल्या चहा-पाण्याचा खर्च कोणाचा. ‘वर गेल्यावर बघू’ यातूनच वाद होतात. अंबाजीपर्यंत ठरवून मग दत्तशिखराची इच्छा झाली तर भाव डोलीवाल्याच्या हातात जातो. उतरताना डोली पुढे झुकते, त्यामुळे उंचीची भीती असणाऱ्यांना अस्वस्थ वाटतं. त्यांना हे आधी सांगा.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, दमा किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायी चढू नका. मधुमेह असलेल्यांनी औषधाची वेळ आणि खाणं या दोन्हींचा हिशेब डॉक्टरांशी बोलून ठेवावा. उपाशीपोटी औषध घेऊन मध्यरात्री चढायला लागणं धोक्याचं आहे.

५. सहा ते आठ आठवडे आधी

सपाटीवर रोज पाच किलोमीटर चालणाऱ्यालाही गिरनार जड जातो, कारण पायऱ्यांना लागणारे स्नायू वेगळे. इमारतीच्या एका मजल्याला साधारण २० पायऱ्या धरल्या तर दहा मजली इमारत पाच वेळा चढली की हजार होतात. पुण्यात पर्वतीच्या पायऱ्या १०३ आहेत, दहा फेऱ्या म्हणजे तेवढाच हिशेब.

पहिल्या आठवड्यात दिवसाआड ३०० पायऱ्यांनी सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोड्या वाढवत २,००० पर्यंत न्या. उतरताना लिफ्ट घेऊ नका. उतरण्याचाच सराव जास्त महत्त्वाचा आहे. ज्या मांड्यांना उताराची सवय नसते त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इतक्या दुखतात की खुर्चीत बसतानाही आधार लागतो. शेवटच्या महिन्यात एकदा सिंहगड आतकरवाडीकडून चढून उतरा, त्यात घाम आला तरी दुसऱ्या दिवशी नीट चालता येत असेल तर तयारी जमली. निघण्याआधीचे तीन दिवस पूर्ण विश्रांती.

६. पिशवीत काय

- वापरून मऊ झालेले, चांगल्या पकडीचे बूट. नवे कोरे बूट गिरनारवर फोड आणतात.
- मोजे दोन जोड, एक कोरडा राखून.
- डोक्याला बांधायचा टॉर्च आणि जादा सेल. मोबाइलच्या टॉर्चने एक हात अडकतो आणि बॅटरी संपते.
- काठी. तळेटीत विकत किंवा भाड्याने मिळते. कमरेपेक्षा थोडी उंच, खाली रबर किंवा लोखंडी टोक असलेली घ्या.
- स्टीलची पाण्याची बाटली, एक लिटरची. डोंगर अभयारण्यात आहे, प्लास्टिकवर निर्बंध आहेत आणि तपासणी होते. वाटेत दुकानं आहेत, पण उंची वाढते तसे भावही वाढतात.
- ओआरएसची चार पाकिटं, खजूर, चिक्की, भाजलेले शेंगदाणे. तेलकट फरसाण नको, तहान वाढते.
- पातळ स्वेटर किंवा वारा अडवणारं जाकीट, कानटोपी, कोरडा टी-शर्ट. शिखरावर घामेजल्या अंगाला वारा लागतो तेव्हा थंडी फार बोचते.
- नी-कॅप, क्रेप बँडेज, नेहमीची औषधं, सुट्टे पैसे. वर मोबाइलला रेंज येते-जाते, तिच्या भरवशावर पैसे देणं अडतं.

एवढंच. पिशवी तीन किलोच्या आत ठेवा. पूजेचं ताट, मोठे नारळ, कॅमेऱ्याची सगळी भिंगं हा हौसेचा भार दोन हजार पायऱ्यांनंतर दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. चामड्याचा पट्टा आणि पाकीट खोलीतच ठेवलेलं बरं, देरासरांत चामडं चालत नाही.

७. चढाई

निघण्याची वेळ पोहोचण्याच्या वेळेवरून ठरवा. मिनिटाला ३० पायऱ्या ही मध्यम गती. या गतीने विश्रांती धरून अंबाजीला तीन ते साडेतीन तास लागतात, पुढे दत्तशिखराला आणखी दीड-दोन तास. सूर्योदयाला दत्तशिखरावर असायचं तर रात्री एकच्या सुमारास पहिली पायरी. पहाटे चारला निघालात तर अंबाजीला उजाडतं आणि मोठा चढ सावलीत संपतो. पहिल्यांदा येणाऱ्यांना आणि ज्येष्ठांना हे अधिक सोयीचं. रात्री निघणार असाल तर आदल्या संध्याकाळी तळेटीत चौकशी करा, वनखात्याच्या किंवा पोलिसांच्या सूचना असल्या तर तिथे कळतात.

रात्री एकटं चढू नका. या जंगलात सिंह आणि बिबटे आहेत. पायरीवाटेवर माणसांची वर्दळ असते तोवर भीती नाही, पण लघवीसाठी किंवा जवळच्या वाटेसाठी पायऱ्या सोडून झाडीत शिरू नका. वाटेत दिवे आहेत, पण सगळीकडे आणि सगळ्या वेळी लागतीलच असं धरून चालू नका. देरासरांच्या वरच्या भागात सहसावनाकडे जाणारा फाटा फुटतो. नेमिनाथांच्या दीक्षेचं ते स्थान सुंदर आहे, पण ती वाट निर्जन आणि पुन्हा खाली उतरणारी. अंधारात चुकून तिकडे वळलात तर शेकडो पायऱ्या फुकट जातात. फाट्यावर शंका आली तर थांबा, मागून येणाऱ्याला ‘अंबाजी?’ एवढं विचारा. ‘जय गिरनारी’ म्हटलं की कुणीही वाट सांगतं.

पहिल्या हजार पायऱ्या मुद्दाम हळू चढा. उत्साहाच्या भरात ज्यांनी त्या पंधरा मिनिटांत संपवल्या ते तीन हजाराला बसलेले दिसतात. बोलता येईल इतकाच वेग ठेवा. वाक्य तुटायला लागलं की गती कमी. पूर्ण पाऊल पायरीवर टेकवा. नुसत्या चवड्यावर चढलात तर पोटऱ्यांत गोळे येतात. पायऱ्या फार उंच असतील तिथे सरळ न चढता तिरकं चढा.

विश्रांती थोडी आणि वारंवार. दर ३०० पायऱ्यांना एक मिनिट उभ्यानेच, काठीवर रेलून. बसायचं ते हजाराला एकदा, पाच मिनिटं. यापेक्षा जास्त बसलात की अंग थंड होतं आणि उठताना पाय कुरकुरतात. पाणी तहान लागायची वाट न पाहता दोन-दोन घोट. तासाला एकदा काहीतरी गोड-खारट खा.

माकडांपासून खाऊ लपवा. हातात लटकणारी पिशवी ती सहज ओढतात. पाठीवरची बंद पिशवी सुरक्षित.

गट मोठा असेल तर सर्वांत हळू चालणाऱ्याच्या मागे एक धडधाकट माणूस ठेवा आणि भेटायच्या जागा आधी ठरवा : देरासरांचं प्रवेशद्वार, अंबाजी, गोरक्षनाथ, कमानी. ‘फोन करू’ यावर विसंबू नका.

अंबाजीला थांबा आणि स्वतःला विचारा : आत्ता मागे फिरलो तर आरामात खाली जाईन का? उत्तर ‘हो’ असेल तरच पुढे चला. कारण इथून पुढे जाऊन पुन्हा इथवर यायला, आतापर्यंत जितकं चढलात जवळजवळ तितकंच अंतर दोनदा आहे. स्वच्छतागृहही इथेच वापरून घ्या, पुढे सोय जवळजवळ नाही.

गोरक्षनाथाहून उतरताना समोर दत्तशिखर दिसतं आणि सगळे भरभर उतरायला लागतात. याच उतारावर पाय जपा. शेवटच्या खड्या पायऱ्यांवर वारा जोरात असतो. टोपी, ओढणी, उपरणं आवळून घ्या, कठड्याच्या आतल्या बाजूने चला, आणि उतरणाऱ्यांना वाट देताना डोंगराच्या अंगाला उभे राहा.

८. दत्तशिखरावर

जागा फार लहान आहे. पादुकांचं दर्शन घ्यायचं आणि पुढे सरकायचं, तिथे बसून पारायण करण्याइतकी सोय नाही. छायाचित्रं काढू देत नाहीत, मोबाइल खिशातच राहू द्या. पहाटे दार उघडण्याआधी पोहोचलात तर वाऱ्यात थांबावं लागतं, जाकीट तिथे कामाला येतं.

ही पाचवी टूक, म्हणजे शिखर. जैन भाविक हेच नेमिनाथांचं निर्वाणस्थान मानतात आणि तेही इथे येतात. जागेवरून जुना वाद आहे, बंदोबस्तही असतो. घोषणा, वादावादी, आपलं ज्ञान सांगणं यातलं काहीही इथे करू नये.

दर्शन करून खाली कमानींपाशी आलात की कमंडलू कुंडाकडे उतरता येतं. तिथली धुनी दर सोमवारी सकाळी प्रज्वलित होते. त्यासाठी यायचं असेल तर रविवारी रात्री चढायला लागावं. प्रसादाचं जेवण मिळतं. पोटभर जेवायचा मोह टाळा, पुढे गोरक्षनाथाचा चढ आहे. आणि कुंडाकडे उतरलेल्या पायऱ्या पुन्हा चढूनच कमानींपाशी यायचं आहे, हेही धरा. पाय बोलायला लागले असतील तर कमानींपासूनच हात जोडा.

९. परतणं

कमानी ते गोरक्षनाथ हा दिवसातला सर्वांत कठीण तुकडा. तो सकाळी नऊच्या आत संपवता आला तर निम्मं संकट टळतं. चढताना राखून ठेवलेलं ओआरएस इथे प्या. ५० पायऱ्या, थांबा, पुन्हा ५०. डोकं दुखणं, मळमळ, घाम बंद होणं ही उन्हाच्या त्रासाची लक्षणं आहेत. सावलीत बसवा, मानेवर ओलं कापड ठेवा आणि दुकानदाराला सांगून डोली बोलवा. दहा मिनिटं बसून ‘आता बरं वाटतंय’ म्हणणाऱ्याला एकटं चालू देऊ नका.

अंबाजीपासून पायी उतरणार असाल तर नी-कॅप आता चढवा. काठी आधी खालच्या पायरीवर टेकवा, मग पाऊल. गुडघा किंचित वाकलेला ठेवा. ताठ गुडघ्यावर धाडकन वजन पडलं की दर पायरीला हिसका बसतो. बुटाच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट बांधा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. गुडघा दुखू लागला तर एका अंगाने, आडवं उतरा, आणि दर शंभर पायऱ्यांनी बाजू बदला. धावत उतरणारी मुलं दिसतील. ती इथलीच असतात, त्यांच्या नादाला लागू नका.

देरासरं याच वेळी पाहा. अंधारात चढताना ती बंद असतात. नेमिनाथांची काळ्या पाषाणाची मूर्ती आणि मंडपांचं कोरीव काम घाईत बघण्यासारखं नाही, अर्धा-पाऊण तास काढा. आत खाणं नको, फोटोसाठी आधी विचारा. मात्र इथे बसून उठलात की पाय आखडलेले असतील, पुढच्या शंभर पायऱ्या अगदी सावकाश.

तळेटीत पोहोचल्यावर लगेच पलंगावर पडू नका. दहा मिनिटं सपाटीवर चाला, मांड्या आणि पोटऱ्या ताणून घ्या, मीठ-साखरेचं पाणी प्या, मग कोमट पाण्याने आंघोळ. गुडघा सुजला असेल तर गरम शेक नको, बर्फ लावा. पाय भिंतीला टेकवून वर ठेवले की बराच आराम पडतो.

१०. जुनागढ कधी पाहायचं

आदल्या दिवशी. उपरकोट किल्ला, तिथली अडी-कडी वाव (पायऱ्यांची विहीर) आणि नवघण कुवा (विहीर) बघितल्याशिवाय जुनागढ सोडू नये असं तिथले लोक सांगतात, पण अडी-कडी वावेला शंभराहून अधिक पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात. गिरनार उतरल्यावर त्या नुसत्या बघूनही अंगावर काटा येतो. त्यामुळे पोहोचलात त्या दुपारी उपरकोट उरका आणि रात्री लवकर झोपा.

चढाईनंतरच्या दिवसासाठी अशोकाचा शिलालेख राखून ठेवा. शहरातून भवनाथकडे येताना रस्त्यालगतच आहे, रिक्षातून उतरून थोड्याच पायऱ्या. एकाच खडकावर अशोकाच्या १४ आज्ञा, रुद्रदामनचा तो पुराचा लेख आणि पाचव्या शतकातला गुप्त सम्राट स्कंदगुप्ताचा लेख आहे. स्कंदगुप्ताच्या काळात तोच बांध पुन्हा फुटला आणि पुन्हा बांधला गेला, त्याची ही नोंद. पुढे दामोदर कुंड लागतो. तिथे काठावर बसता येतं, पण पाण्यापर्यंत उतरायचं की नाही हे गुडघ्यांना विचारून ठरवा. सोमनाथ इथून शंभर किलोमीटरच्या आत आहे. बसायला गाडी असेल तर तो दिवस तिकडे जाण्यात छान जातो.